पडद्यावरचा पाऊस

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला बोलपट संपला, कीं चित्रगृहाच्या दारांतून बाहेर पडणाऱ्या मंडळींत दोन पक्ष हमखास दिसून येतात. एक पक्ष कादंबरी वाचलेल्यांचा. त्यांच्या चर्येवर फसलेल्या गिऱ्हाइकाची नाराजी असते. दुसरा पक्ष न वाचलेल्यांचा. त्यांचे दोन-तीन तास मजेंत गेलेले असतात, आणि पहिल्या पक्षाची कुरकुर त्यांना विद्वत्तेचें प्रदर्शन वाटतें. पहिला म्हणतो, "मूळांत असें नाहीं", दुसरा म्हणतो, "नसेना कां!" या 'नसेना कां'ला उत्तर देणें दिसतें तितकें सोपें नाहीं. कादंबरीकारानें आपल्या कल्पनेनें एक गोष्ट रचिली. चित्रपटकारानें त्याच्या परवानगीनें व ठरलेलें मोल देऊन तीवरून दुसरी रचिली. यांत कोणाचें काय गेलें? पुस्तक आहे तसेंच कपाटांत आहे. त्याचें एकहि अक्षर पुसलें गेलेलें नाहीं. मग वाचकाला जें दुःख होतें तें निव्वळ सवय मोडल्याचें दुःख, कीं त्यांत खरोखर कांहीं नैतिक तक्रार आहे?

हवेंतल्या हवेंत वाद घालण्यापेक्षां एक उदाहरण घेऊं. आर. के. नारायण यांची 'दि गाइड' ही इंग्रजी कादंबरी १९५८ सालीं निघाली, आणि १९६० सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तीवरून देव आनंद यांनीं काढलेला 'गाइड' हा हिंदी चित्रपट १९६५ सालचा. दिग्दर्शक विजय आनंद. याच कथेची एक इंग्रजी आवृत्तिहि निराळी काढली होती. तिचें दिग्दर्शन टॅड डॅनियलेव्हस्की यांचें होतें, आणि पटकथेंत नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पर्ल बक यांचा हात होता. ती इंग्रजी आवृत्ति विस्मृतींत गेली; हिंदी मात्र टिकली. उत्कृष्ट चित्रपटाचें फिल्मफेअर पारितोषिक तिला मिळालें, सचिन देव बर्मन यांच्या चाली घरोघर पोंचल्या, आणि वहीदा रेहमान यांची रोझी अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. हें उदाहरण मुद्दाम घेतलें आहे. वाईट चित्रपट वाईट निघाला, यांत तत्त्वविचाराला वाव नाहीं. अडाणी सुतारानें खुर्ची मोडकी केली एवढाच त्याचा अर्थ. जो चित्रपट म्हणून चांगला आहे, पण ज्यानें कादंबरीच्या वाचकाला, आणि येथें तर खुद्द लेखकालाहि, खट्टू केलें, त्याच्यापाशींच खरा पेंच आहे. नारायण यांनीं आपली नाराजी 'मिसगायडेड गाइड' अशा खोंचक मथळ्याच्या लेखांत बोलून दाखविली.

ज्यांनीं कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. मालगुडी हें नारायण यांच्या कल्पनेंतलें दक्षिणेकडचें लहानसें शहर. तेथल्या रेल्वे स्टेशनावर दुकान चालविणारा राजू गोड बोलण्याच्या बळावर प्रवाशांचा वाटाड्या होतो. लेण्यांतल्या प्राचीन चित्रांचा ध्यास घेतलेला एक विद्वान (राजू त्याला मार्को म्हणतो) आपल्या बायकोसह तेथें येतो. ही रोझी देवदासीच्या कुळांतली, अर्थशास्त्राची एम. ए., आणि नृत्यासाठीं जीव टाकणारी. नवऱ्याला नृत्याचा तिटकारा. राजू तिला जवळ करतो, नवरा तिला टाकून निघून जातो, राजू तिला नामांकित नर्तकी करतो, तिच्या पैशावर चैन करतो, आणि शेवटीं तिच्या दागिन्यांच्या पेटीपायीं तिची खोटी सही करून दोन वर्षांच्या कैदेंत जातो. सुटल्यावर नदीकांठच्या एका ओसाड देवळांत तो टेकतो. वेलन नांवाचा खेडूत त्याला साधु समजतो. आयतें जेवण मिळतें म्हणून राजूहि त्याला तसें समजूं देतो. पुढें अवर्षण पडतें. गांवांत मारामारी होते. ती थांबेपर्यंत आपण जेवणार नाहीं असा निरोप राजू एका अर्धवट पोराबरोबर पाठवितो. पोर निरोप भलताच नेतो, आणि स्वामी पावसासाठीं उपास करणार अशी गांवभर वार्ता होते. उपास या लबाड माणसाच्या गळ्यांत असा येऊन पडतो. तो वेलनला आपलें सारें पाप सांगून टाकतो, पण वेलनची श्रद्धा तिळभरहि हलत नाहीं. अखेरीस गुडघाभर पाण्यांत उभा असतांना, दूर डोंगरांत पाऊस लागल्याची चाहूल आपल्या पायांना लागते आहे असें सांगत, राजू खचतो. कादंबरी येथें संपते. पाऊस खरोखर आला काय? राजू गेला काय? पुस्तक सांगत नाहीं.

चित्रपटांत पाऊस येतो, आणि धो धो येतो. रोझी व राजूची आई शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ येऊन पोंचतात, राजू मरतो, लोक पावसांत भिजत आनंद करतात. मालगुडी राजस्थानांत गेलें, हा बदल लेखकाला फार लागला. दक्षिणेंतल्या एका साध्या गांवाच्या जागीं उदेपूरचे राजवाडे आले, हें त्याला कसें रुचावें? मला स्वतःला मात्र ही तक्रार दुय्यम वाटते. गांव हलविल्यानें माणसें हललींच पाहिजेत असें नाहीं.

किंबहुना रूपांतरांत बदलच नको असें म्हणणारा पक्ष आपल्याकडे कधींच बळकट नव्हता. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत सांगून ठेविलें आहे कीं, परंपरेनें आलेल्या कथेंत रसाला प्रतिकूल असें कांहीं असेल तर कवीनें तें टाकावें आणि रसाला अनुकूल अशी नवी कल्पना करावी. नुसती घडलेली हकीकत सांगणें हें कांहीं कवीचें काम नव्हे. कालिदासानें हेंच केलें. महाभारतांतला दुष्यंत शकुंतलेला पुरता ओळखतो, आणि लोक काय म्हणतील या भीतीनें न ओळखल्याचें सोंग करतो. कालिदासानें मध्यें दुर्वासाचा शाप व अंगठी आणून राजाला त्या सोंगाच्या कलंकांतून सोडविलें. आणि कुंतकानें ही कल्पना कविप्रतिभेचा नमुना म्हणून गौरविली. भवभूतीनें तर रामकथेचा शेवटच फिरविला, आणि पृथ्वीच्या पोटांत गेलेली सीता रामाला परत दिली. इकडे मराठी रंगभूमीवर मोलिएरचें बीज देवलांच्या हातून 'संशयकल्लोळ' होऊन असें रुजलें कीं तें परक्याचें आहे हें मुद्दाम आठवण करून द्यावें लागतें.

तेव्हां प्रश्न असा येतो: शापाच्या युक्तीनें कालिदासानें दुष्यंताला सोडविलें याचें आपण कौतुक करतों, तर 'गाइड'नें रोझीला सोडविलें म्हणून ओरड कां करावी? कारण चित्रपटांतहि अशी सोडवणूक आहे. कादंबरींतला मार्को वाईट चालीचा नाहीं. त्याचा दोष एवढाच कीं त्याला दगडावरचीं चित्रें दिसतात, शेजारचें माणूस दिसत नाहीं. पुढें त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होतो, आणि त्यांत मालगुडी स्टेशनावरच्या राजूनें केलेल्या मदतीबद्दल ऋणनिर्देश असतो. ज्यानें आपला संसार मोडला त्याचेंहि देणें हा शुष्क माणूस कागदावर नाकारीत नाहीं. राजू तो ग्रंथ रोझीपासून लपवून ठेवतो, यावरून त्या ऋणनिर्देशाचें वजन कळावें. असा नवरा असतांना रोझीनें केलें तें बरें कीं वाईट, याचा निवाडा वाचकाला सहजासहजीं करतां येत नाहीं. चित्रपटांत हाच नवरा दुसऱ्या बाईबरोबर सांपडतो. झालें! खटला निकालांत निघाला. सोवळ्यांतल्या सोवळ्या गृहस्थांनाहि रोझीला क्षमा करतां आली, आणि क्षमा करण्याचे श्रम मात्र कोणालाच पडले नाहींत.

कालिदासानें राजाला सोडविलें खरें, पण सहाव्या अंकांत त्यालाच कसें धरलें आहे तें पाहा. अंगठी सांपडते, स्मृति परत येते, आणि राजा वसंतोत्सव बंद करून, तिचें चित्र काढून, त्या चित्रांतल्या भुंग्याला दटावीत बसतो. 'माझा दोष नव्हता' असें म्हणण्याची सोय त्याला नाहीं. कारण शापाची हकीकत त्याला सातव्या अंकापर्यंत ठाऊकच नाहीं. प्रेक्षकाला तो निर्दोष दिसतो आणि स्वतःला अपराधी दिसतो. मूळांतली एक अडचण काढून कवीनें तिच्या जागीं अधिक खोल अशी दुसरी ठेविली. भवभूतीनेंहि सीता परत दिली ती रामाला पंचवटींत मूर्च्छा येईपर्यंत रडवून, आणि तें रडणें सीतेला अदृश्यपणें पाहावयास लावून. 'गाइड'नें मार्कोची अडचण काढली आणि ती जागा मोकळीच ठेविली. बदल करणें हा अपराध नव्हे. लेखकानें ज्या कोड्यांत आपल्याला उभें केलें असतें त्यांतून प्रेक्षकाला फुकटांत बाहेर काढणें, हा मला अपराध वाटतो.

आणि सर्वांत मोठें कोडें पावसाचें. राजूचा उपास आरंभीं निव्वळ नाइलाज आहे. पळून जावें काय, खायला कांहीं लपवून ठेवतां येईल काय, हेच विचार त्याच्या डोक्यांत घोळत असतात. मग एका क्षणीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, ज्यांत आपला कांहींच लाभ नाहीं असें काम आपण आयुष्यांत पहिल्यानेंच मनापासून करीत आहों. कादंबरीचा गाभा हा आहे. लोकांनीं खोट्या माणसावर ठेवलेला विश्वास त्या माणसाला खरा करूं शकतो काय? आणि तो खरा झाला, हें कशावरून ओळखावें? निष्काम कर्माची गोष्ट आपण येतां जातां बोलतों. १९१५ सालीं लोकमान्यांचें 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाल्यापासून तर मराठी घरांत हा शब्द आल्यागेल्याच्या तोंडीं आहे. पण ज्या कर्माला फळ आल्याचें दिसत नाहीं त्या कर्मापुढें हात जोडण्याची पाळी आपल्यावर क्वचित् येते. नारायण यांनीं ती आणली. राजूचा उपास तुम्हांला मोलाचा वाटतो ना? मग पाऊस आलाच नाहीं असें क्षणभर धरून चाला, आणि पुनः सांगा.

चित्रपटानें हें सांगण्याची गरज ठेविली नाहीं. राजूनें उपास केला, देवानें पाऊस दिला. कामाची मजुरी चुकती झाली. शेवटाकडे देह आणि आत्मा यांचा संवाद घालून राजूच्या मनांतला झगडा पडद्यावर आणण्याचा प्रामाणिक यत्न विजय आनंद यांनीं केला आहे, आणि तो प्रसंग मला आवडतो. परंतु वाद रंगांत आला असतांनाच ढगांतून निकाल ऐकूं आला, तर वादाची किंमत काय राहिली?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. पावसाविषयीं संशयांत राहण्याची ही गोडी पोट भरलेल्या वाचकाची चैन नव्हे काय? ज्या गांवांत गुरें मरूं लागलीं, विहिरी आटल्या, त्याला राजूच्या आत्म्याच्या उन्नतीशीं काय कर्तव्य? त्याला पाणी हवें. १९७२ सालच्या दुष्काळांत खडी फोडून दिवस काढलेल्या एखाद्या माणसानें 'गाइड'मधला पाऊस पाहून डोळे पुसले असतील, तर 'हें पुस्तकांत नाहीं बरें कां' असें त्याला सांगण्याचा आचरटपणा कोणीं करावा? मी तरी करणार नाहीं. त्याचे अश्रू खरे आहेत. पण पडद्यावरचा पाऊस त्याच्या शेतांत पडत नाहीं. तो तिकीट काढून बसलेल्या आपल्या सर्वांच्या मनावर पडतो, आणि मन शांत करून आपल्याला घरीं धाडतो. शिवाय या पावसाच्या पोटांत एक कठोर गोष्ट दडलेली आहे. पाऊस जर एका माणसाच्या पुण्याचें आणि गांवाच्या श्रद्धेचें फळ, तर ज्या गांवांत तो आला नाहीं त्या गांवाला काय म्हणावें? तेथल्या बायाबापड्यांनीं देव पाण्यांत ठेविले नव्हते काय? त्यांची श्रद्धा कोठें उणी पडली? चित्रपटकाराच्या मनांत असें कांहीं नव्हतें हें उघड आहे. पण शेवट गोड करण्याच्या भरांत या प्रश्नाचें उत्तर त्याच्या हातून नकळत दिलें गेलें. कादंबरीकार मौन धरतो. त्या मौनांत कोरड्या राहिलेल्या गांवाचा अपमान नाहीं.

कोणी म्हणेल, कागदावर संदिग्ध राहतां येतें. पडद्यावर पाऊस एक तर पडतो किंवा पडत नाहीं. यांत तथ्य थोडें आहे. आकाश न दाखवितां माणसाच्या चेहऱ्यावर चित्र थांबविणें कोणत्या दिग्दर्शकाला अशक्य आहे? नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातनें १९३७ सालीं 'कुंकू' काढला. पटकथा आपट्यांचीच आणि दिग्दर्शन शांतारामांचें. भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाकडून त्यांनीं जें वदवून घेतलें तें सांगायला कादंबरीकाराला पानें खर्चावीं लागलीं असतीं. त्याहून महत्त्वाचें हें कीं, केशवराव दात्यांचे काकासाहेब पाहतांना चीड आणि कींव एकाच वेळीं येते, आणि दोहोंपैकीं एकीला निरोप द्यावा तर दुसरी पदर धरते. सत्यजित राय यांनीं १९५५ सालीं 'पथेर पांचाली' केला तेव्हां विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या मोठ्या कादंबरीचा पुष्कळ भाग गाळला. कादंबरींत आरंभीच्या भागांतच मरणारी इंदिर ठाकरुण त्यांनीं पुढपर्यंत जिवंत ठेविली, आणि तिचें मरण दुर्गा व अपू या पोरांच्या दृष्टीस पाडलें. केवढा हा फेरफार! पण मरण प्रथम पाहणाऱ्या पोरांना त्याचा अर्थ तेथें कोणी समजावून सांगत नाहीं, आणि आपल्यालाहि सांगत नाहीं. 'मूळांत असें नाहीं' ही तक्रार घेऊन त्या चित्रपटाकडे जाणारा वाचक परततांना ती विसरून येतो.

राहिला लेखकाचा हक्क. नारायण यांनीं हक्क दिले, मोबदला घेतला. मग रडगाणें कसलें, असें व्यवहारी माणूस विचारतो. विकलेल्या गाईला नव्या धन्यानें काय म्हणून हांक मारावी हें जुन्या धन्यानें ठरवूं नये. गाईच्या बाबतींत हें ठीक आहे, पण पुस्तकाच्या बाबतींत आपला कायदाहि इतका निर्दय नाहीं. १९५७ सालच्या कॉपीराइट अधिनियमाचें ५७ वें कलम असें आहे कीं, हक्क विकून टाकल्यावरहि, आपल्या कृतीची विटंबना होऊन नांवलौकिकाला बाध येत असेल तर लेखकाला दाद मागतां येते. 'आपका बंटी' या आपल्या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाविरुद्ध मन्नू भंडारी दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या तेव्हां या कलमाचा बराच ऊहापोह झाला. म्हणजे पैशानें विकलें जात नाहीं असें कांहीं कृतींत शिल्लक उरतें, हें कायद्यालाहि मान्य आहे. तें काय, हें मात्र न्यायालयानें सांगावें अशी अपेक्षा कोणीं करूं नये. नारायण यांनीं देव आनंद यांना राजूची हकीकत विकली, रोझीचें नृत्य विकलें, नदीकांठचें देऊळहि विकलें. शेवटच्या पानावरचा संशय विकला होता काय? तो त्यांच्या मालकीचा तरी होता काय? पुस्तक छापून बाहेर पडलें त्या दिवशीं तो वाचकाच्या स्वाधीन झाला होता.

म्हणून पुस्तक कपाटांत आहे तसेंच आहे, हें आरंभीचें समाधान मला पुरेसें वाटत नाहीं. अक्षर पुसलें गेलें नाहीं हें खरें. पण 'गाइड' पाहून मग कादंबरी हातीं घेणाऱ्या तरुणाला तें शेवटचें पान कोऱ्या मनानें वाचतां येईल काय? राजू पाण्यांत खचूं लागतांच त्याच्या कानांत सरी वाजूं लागणार. लेखकानें त्याच्यासाठीं राखून ठेविलेला निवाडा करण्याचा क्षण त्याच्या वाट्याला येणार नाहीं, आणि आपलें कांहीं गेलें हें त्याला कळणारहि नाहीं. चित्रगृहाबाहेर 'नसेना कां' म्हणणारा पक्ष याच कारणानें इतका खुशींत असतो.

मौज अशी कीं, चित्रपटाचा यांत्रिक डोळा या कादंबरींत नारायण यांनीं आधींच आणून बसविला आहे. उपासाची कीर्ति पसरल्यावर नदीकांठीं जत्रा भरते, दुकानें लागतात, सरकारी डॉक्टर नाडी पाहूं लागतात, आणि त्या गर्दींत मॅलोन नांवाचा एक अमेरिकन आपली सामग्री घेऊन येतो. तो दिवे लावतो, कॅमेरा रोखतो, आणि मरणाच्या दारांत बसलेल्या राजूला अगदीं गंभीरपणें प्रश्न विचारतो. राजूहि आपल्या जुन्या धंद्याला स्मरून पाहुण्याला आवडतील अशीं उत्तरें देतो. अकराव्या दिवशीं पहांटे राजूला हात धरून नदींत उतरवितात. मॅलोनच्या फितींत पाऊस आला कीं नाहीं, याविषयीं नारायण यांनीं एक शब्द लिहिलेला नाहीं.